विचार करायला दिलेला एक दिवस

आमच्या घरात चोरी कबूल करणाऱ्याला लाडू मिळायचा. हे वाचून आमचं घर फार प्रेमळ होतं असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, हात चांगलाच जड होता आणि माईची जीभ त्याहून जड. पण कबुलीला मान होता. बेसनाचे लाडू वळून माई पितळी डब्यात भरायची, डबा फडताळाच्या वरच्या खणात ठेवायची, आणि तिची पाठ वळते न वळते तोच दादा पाटावर पाट रचून वर चढलेला असायचा. संध्याकाळी नाना कचेरीतून आले, सायकल भिंतीला लावून पाय धुऊन पोह्यांची बशी घेऊन बसले, की माई तक्रार गुदरायची, "दोन कमी आहेत." मग नाना चष्मा कपाळावर सारत आणि एकदम वेगळ्याच आवाजात, श्वास न घेता, एका सुरात म्हणत, "तुम बयान देने के लिए मजबूर नहीं हो, बयान दोगे तो तुम्हारे खिलाफ सबूत में इस्तेमाल हो सकता है, समझ गए?" दादा हात जोडून म्हणायचा, "जी, समझ गया." "अब बोलो." "लड्डू मैंने खाए." खटला संपला. नाना सुटका जाहीर करत, "सच बोला, बाइज्जत बरी," आणि माईला कुरकुरत आणखी एक लाडू काढून द्यावा लागे. मीही खाल्लेला असायचा, पण मी साफ नाही म्हणायचे. पुरावा नसल्यामुळे मला कधी शिक्षा झाली नाही, आणि लाडूही कधी मिळाला नाही.

नाना एका मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात पेशकार होते. साहेबांच्या डाव्या हाताला खाली बसायचं, फायली पुढे करायच्या, तारखा द्यायच्या, साहेब सांगतील ते कागदावर उतरवायचं. आमच्या घराण्यात हे पिढ्यांचं काम. दख्खनेतून आलेले आमचे पूर्वज रियासतीच्या कचेरीत मोडी लिहीत, आजोबांनी मोडी सोडून देवनागरी धरली, आणि नानांपर्यंत येता येता घरात उरलं ते सुंदर अक्षर आणि कचेरीवरचा विश्वास. आरोपीला गुन्हा कबूल करायचा असेल तर मॅजिस्ट्रेटनं त्याला आधी ते वाक्य ऐकवायचं असतं, असा कायदा आहे. तुझ्यावर सक्ती नाही, बोललास तर तुझ्याच अंगावर येईल, नीट विचार कर. म्हणायचं साहेबांनी, पण साहेबांसमोर फायलींचा ढीग. ते नुसती मान हलवत आणि नाना म्हणून टाकत. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी किती आरोपींना ऐकवलं असेल कोण जाणे. आम्हां दोघां भावंडांना तर ते परवच्यासोबत पाठ झालं होतं.

आम्ही तेव्हा हजीऱ्यात, गिरणीच्या वस्तीत, राहत होतो. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, आणि सहा घरांना मिळून एक नळ. गिरणीचा भोंगा झाला की माई चूल पेटवायची, दुसरा झाला की दादाचा डबा भरायची. दादा नुकताच गिरणीत बदलीवर लागला होता, म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर याला काम. रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. विसाव्या वर्षी तो ताडमाड वाढला होता आणि तरी माईच्या पुढ्यात बसून पोळीला तूप कमी लागलं म्हणून रुसायचा. घरात मराठी, दारात हिंदी, आणि दादाच्या तोंडात दोन्ही एकाच वाक्यात. "माई, मी जरा मुन्नाके साथ जाऊन येतो, टाइम लागला तर परेशान नको होऊ," हे त्याचं मराठी. माई म्हणायची, "तुझ्या लग्नात आंतरपाटामागून हिंदीतच मंगलाष्टकं म्हणायला लावीन."

मुन्ना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. दादाचा शाळेपासूनचा दोस्त, आमच्याकडे थालीपीठ खायला हक्कानं येणारा. संक्रांतीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी दोघं मेळ्यात गेले. आमच्याकडे थंडीत मेळा भरतो, आणि गावाचा सगळा आनंद त्या दोन महिन्यांत उरकून घेतात. रात्री दादा आला, जेवायला बसला आणि भाकरी मोडून नुसता बसून राहिला. माई तिळाचा पाक बघत होती, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मला वाटलं, पैसे हरवले असतील.

सकाळी चहाच्या वेळी त्यानं नानांना सगळं सांगितलं. सायकल-स्टँडवर भांडण झालं. मुन्नाच्या सायकलीची घंटी कुणी काढून नेली होती आणि स्टँडवाला म्हणत होता, आणताना नव्हतीच. शिव्या झाल्या, धक्काबुक्की झाली. दादानं स्टँडवाल्याला मागून कवेत धरलं, आणि मुन्नानं शेजारच्या तंबूचा लोखंडी खुंटा उपसून त्याच्या डोक्यात घातला. माणूस खाली बसला, मग आडवा झाला. गर्दी झाली, हे दोघे पळाले. "मी त्याला धरलं होतं, नाना," दादा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता. नानांनी विचारलं, "सोडवायला धरलंस की मारायला?" दादा म्हणाला, "मालूम नाही. धरलं." त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, सोडवायला. कुणीही म्हटलं असतं. त्याला ते सुचलं नाही, कारण ते खरं आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती.

नानांनी बशीतला चहा संपवला, टोपी घातली, सायकल काढली आणि दादाला म्हणाले, "बस मागे." ते त्याला ठाण्यावर घेऊन गेले. स्वतःच्या मुलाला, स्वतःच्या सायकलीवर, कॅरियरवर बसवून. माई पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत धावली. "अहो, आधी कुणा वकिलाला तरी विचारा!" नाना म्हणाले, "वकील खोट्या माणसाला लागतो." सायकल वळली. दादाचे पाय इतके लांब होते की कॅरियरवर बसून ते त्याला वर उचलून धरावे लागत होते, एवढं मला आठवतं.

माझ्या नानांना मूर्ख समजू नका. मी बरीच वर्षं समजत होते, म्हणून हे सांगते. ठाण्यातले लोक त्यांना ओळखत होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. स्टँडवाला तेव्हा इस्पितळात होता. दुसऱ्या दिवशी तो वारला. मग ठाणेदारच नानांना म्हणाला, "पेशकार साहब, मजिस्ट्रेट के सामने बयान करवा दो, लड़के के लिए अच्छा रहेगा." नानांना ते पटलं. त्यांच्या मते कचेरी ही आमच्या स्वयंपाकघरासारखीच होती, जरा मोठी एवढंच. जो खरं बोलतो त्याचं कचेरी वाईट करत नाही. आयुष्यभर ते कचेरीत बसले, पण पिंजऱ्याच्या अलीकडे. पलीकडून ती कशी दिसते हे त्यांना कधी कळायचं कारणच नव्हतं. त्याच सकाळी मुन्नाचा बाप दुकान बंद करून गावाच्या लष्कर भागातल्या एका नामी वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसला होता.

दादाला दुसऱ्या एका मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. ते नवे होते आणि नेमानं चालणारे होते. त्यांनी जबाब लगेच लिहून घेतला नाही. म्हणाले, आज जेलमध्ये जा, पोलीस तिथं नसतील, उद्याचा एक दिवस शांतपणे विचार कर, परवा ये. हाही कायदाच आहे, आणि फार चांगला कायदा आहे. आरोपीला दिलेला तो एक दिवस म्हणजे त्याचा हक्क. पुढे मी वकिली शिकले तेव्हा त्या पानावर माझं बोट कितीतरी वेळ थांबलं होतं. आमच्या दादालाही तो दिवस मिळाला होता. तो दिवस त्याच्याकडून घेतला तो पोलिसांनी नाही, आम्ही.

त्या दिवशी माई पहाटेच नळावर गेली आणि कोरडीच परत आली, कळशीत पाणी न भरता. नळावर तिला मुन्नाची आई भेटली होती. त्या बाईनं तिला हळूच सांगितलं होतं, आमच्या वकिलानं मुन्नाला एकच गोष्ट पढवली आहे, तोंड उघडू नकोस. नानांनी हजारदा म्हटलेल्या त्या वाक्याचा अर्थ आमच्या घरात पहिल्यांदा कळला तो माईला, आणि तोही नळावर. तिनं नानांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "तू मला कायदा शिकवतेस?" मग ती डबा भरू लागली. कच्च्या कैद्याला घरचा डबा पोचवायची परवानगी नानांनी ओळखीनं काढली होती. वरण-भात, पोळ्या, आणि वर दोन बेसनाचे लाडू. नाना धोतर नेसायला आत गेले तशी तिनं मला चुलीपाशी ओढलं.

"कुमे, नीट ऐक. विनूला सांगायचं, माईनं सांगितलंय, तोंड उघडायचं नाही. उद्या साहेबानं विचारलं तर म्हणायचं, मला काही बोलायचं नाही. बस. परवा संध्याकाळच्या गाडीनं माझा झाशीचा मामेभाऊ येतोय, तो वकील आहे, तो आला की मग बघू. आणि हे नानांसमोर नको सांगू. कळलं?"

मी म्हटलं, "कळलं." मी पंधरा वर्षांची होते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

वाटेत नानांनी विचारलं, "माईनं काही सांगितलंय का विनूसाठी?" मी कॅरियरवर डबा मांडीत धरून बसले होते. मी म्हटलं, "नाही." एवढ्यानं माझी अर्धी हिंमत संपली.

जेलच्या मुलाखतीच्या खोलीत मधोमध दोन जाळ्या होत्या आणि दोन्हींमध्ये हातभर जागा. इकडे आम्ही, तिकडे ते, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असलेले. कुणी म्हशीला रेडकू झाल्याचं सांगतंय, कुणी वकिलाचं नाव ओरडतंय, एक म्हातारी काही न बोलता नुसती रडतेय. दादा दोनच दिवसांत बारका दिसत होता. नानांनी जाळीला तोंड लावून त्याला सांगितलं, "विनू, घाबरू नकोस. झालं ते तसंच्या तसं सांग. साहेब सरळ माणूस आहे, खरं बोलणाऱ्याला तो ओळखतो." दादा मान हलवत होता. मग डबा आत द्यायचा म्हणून शिपायानं नानांना सही करायला पलीकडच्या टेबलाशी बोलावलं. नाना गेले. दादा आणि मी दोघंच उरलो. त्यानं जाळीला बोटं लावली आणि ओरडून विचारलं, "माई काय म्हणाली?"

मला पूर्ण एक मिनिट मिळालं होतं, कदाचित दोन. नाना पाठमोरे होते, सही करत होते, त्यांचं ते वळणदार अक्षर म्हणजे वेळ लागणारच. मी तोंड उघडलं. आणि मला वाटलं, नानांना कळेल. मला वाटलं, नाना कचेरीतले, माई घरातली, बरोबर नानाच असणार. शिवाय लहानपणापासून मी बघत आले होते की जो कबूल करतो त्याला लाडू मिळतो आणि जो गप्प बसतो तो लबाड. माझा दादा लबाड ठरू नये असं मला वाटलं. या सगळ्या गोष्टी मी नंतर जुळवल्या असतील. त्या क्षणी मी भ्याले होते, एवढंच खरं.

मी ओरडून म्हटलं, "माई म्हणाली, डबा पूर्ण खा."

दादा हसला.

दुसऱ्या दिवशी जबाब झाला. नाना त्या कोर्टाच्या दाराबाहेर व्हरांड्यात उभे होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि म्हणाले, "छान बोलला. एकदम साफ. कुठे अडखळला नाही. साहेबांनी विचारलं, समझ गए? लगेच म्हणाला, जी, समझ गया." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. माईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी परकराचा काठ चुरगाळत बसले. ती काही विचारणार तोच नानांनी पाणी मागितलं आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मामेभाऊ आला, कागद वाचले, चहा घेतला आणि म्हणाला, "माई, एक दिवस आधी बोलवायचं होतंस."

खटला दोन वर्षं चालला. मेळ्यातल्या त्या गर्दीत कुणी कुणाला नीट पाहिलं नव्हतं. साक्षीदार आले आणि म्हणाले, अंधार होता, चेहरे सांगता येणार नाहीत. मुन्ना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिला आणि सुटला. दादाच्या जबाबात त्याचं नाव होतं, पण एका आरोपीचं बोलणं दुसऱ्याला शिक्षा द्यायला पुरत नाही. स्वतःविरुद्ध मात्र पुरतं. ज्यानं खुंटा मारला तो घरी गेला आणि ज्यानं धरलं त्याला जन्मठेप झाली. न्यायाधीशांनी निकाल वाचला तेव्हा नाना हात बांधून उभे होते, पेशकार उभे राहतात तसे. दादानं त्यांच्याकडे बघून मान हलवली, जणू निकाल समजून घ्यायला नानाच चुकले असतील आणि दादाला त्यांना धीर द्यायचा होता.

इथे मला त्या दुसऱ्या बाईबद्दल लिहिलंच पाहिजे. स्टँडवाल्याची बायको प्रत्येक तारखेला यायची, लांबच्या गावाहून, बसनं. लहान मुलीला मांडीवर घेऊन व्हरांड्यात शेंगा सोलून भरवत बसायची. आम्ही तिच्यापासून दूर, खांबाच्या आड बसायचो. निकालाच्या दिवशी मी रडत होते आणि तीही रडत होती, आणि आमच्या दोघींच्या रडण्यात कुणाचं खरं हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. तिच्या माणसाला माझ्या भावानं धरून ठेवलं होतं. दादा सुटला असता तर तिला काय वाटलं असतं, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत कुणाला विचारला नाही. माझा दादा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्याला जेवढं भोगायचं होतं त्याहून फार जास्त त्यानं भोगलं, एवढंच म्हणते.

अपील केलं, ते ऐकायला येईतो काही वर्षं गेली, आणि ते फेटाळलं गेलं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं सगळे म्हणतात. तसं कुठेही लिहिलेलं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर, आणि त्यातून सरकार वाटलं तर सोडतं. चांगल्या वागणुकीची माफी मिळते, मग दर प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्य दिनाला काही कैद्यांची नावं निघतात. ती नावं निघायच्या आठवड्यात माई रोज दार उघडं ठेवून स्वयंपाक करायची. नाव निघालं नाही की दुसऱ्या दिवशी दार लोटलेलं असायचं. दादा आत दरी, म्हणजे सतरंजी, विणायला शिकला, मग शिलाई शिकला. पंधरवड्यातून एकदा मुलाखत. माई जबाबानंतरच्या पहिल्या मुलाखतीला एकटी आत गेली होती, कारण नानांना ताप होता आणि मला तिनं बाहेरच थांबवलं. परत आली ती डोळे कोरडे आणि ओठ आवळलेले. तेव्हापासून मी वाट बघत राहिले की आता ती मला विचारेल, तू निरोप दिला होतास ना? तिनं कधीही विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर दया करतेय. त्या दयेनं माझी झोप उडाली होती.

लाडू पुन्हा झाले नाहीत. तो डबा माईनं डाळीला घेतला. नाना नोकरीवर जात राहिले, पण त्यांच्यात एक फरक पडला तो त्यांच्या एका सोबत्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितला. कुणी कबुली द्यायला आला की नाना आता ते वाक्य थांबून थांबून म्हणत. प्रत्येक शब्दानंतर आरोपीच्या तोंडाकडे बघत. तो "जी, समझ गया" म्हणाला की विचारत, "क्या समझे?" साहेब वैतागत, "नाना, आज की तारीख में निपटाना है." नाना म्हणत, "हुजूर, दो मिनट." त्या सोबत्याला हे म्हातारपणाचं चक्रमपण वाटलं होतं. नाना घरी कधी याबद्दल बोलले नाहीत. निवृत्त झाले आणि दादा सुटायच्या दोन वर्षं आधी गेले. दादाला अग्नी द्यायला काही तासांसाठी आणलं, दोन शिपायांच्या मध्ये, आणि त्या हातांनी तिरडी उचलता यावी म्हणून एका शिपायानं बेडी काढली. देव त्या शिपायाचं भलं करो.

दादा सुटून आला तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता. पहिले काही महिने तो दारापाशी आला की थांबायचा, कुणीतरी ते उघडेल म्हणून. माईनं त्याला मुलासारखं वाढायला सुरुवात केली. तो दुसरी पोळी नको म्हणाला की ती म्हणायची, "तू माझं कधी ऐकलंयस?" स्वेटर घाल म्हटलं आणि त्यानं नाही घातलं, की तेच. "तू माझं कधी ऐकलंयस?" कधी हसून म्हणायची, कधी हसत नसे. दादा ताटाकडे बघून हसायचा आणि पोळी घ्यायचा. ती गेली तोवर हे चाललं. मला तो आई-मुलाचा लाड वाटायचा.

मी वकील झाले, ती काही फार मोठी झाले नाही. आता तेही सोडून बरीच वर्षं झाली. पण पंधरवड्यातून एकदा जेलमध्ये जाते, ज्यांना वकील परवडत नाही अशांना कागद समजावून द्यायला. जाळीच्या जागी आता काच आणि फोन आलाय, ओरडावं लागत नाही. समोरची पोरं विशी-बाविशीची असतात आणि मी काही सांगितलं की पटकन मान हलवतात. मी म्हणते, "मान नको हलवू. क्या समझे, अपने शब्दों में बताओ." बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. तिथले लोक मला बडबडी बुढिया म्हणतात हे मला ठाऊक आहे.

दादा आता माझ्याकडेच असतो, हरिशंकरपुरमला. त्यानं लग्न केलं नाही. कॉलनीतल्या पोरांच्या शाळेच्या पँटी लांब-आखूड करून देतो, आणि शिवण एवढी पक्की की पोरं वाढतात पण ती उसवत नाही. गेल्या आठवड्यात दुपारी उन्हात बसून तो मटार सोलत होता आणि मी त्याला हे प्रकरण वाचून दाखवलं, जाळीपर्यंत. "डबा पूर्ण खा" पर्यंत. तिथे मी कागद खाली ठेवले. इतकी वर्षं लपवलेलं मी सांगितलं, की दादा, माईनं हे नव्हतं सांगितलं. माईनं सांगितलं होतं, तोंड उघडू नको. मी तुला दिलंच नाही ते.

त्यानं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे पातेल्यात टाकले.

"मला मालूम आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"माई पहिल्यांदा मुलाखतीला आली तेव्हा तिनंच विचारलं. कुमीनं निरोप दिला होता ना? मी म्हटलं, दिला होता. मीच ऐकलं नाही."

जो माणूस स्वतःला वाचवण्यासाठी 'सोडवायला धरलं' एवढंसुद्धा म्हणू शकला नव्हता, तो.

"खोटं बोललास?"

"तू पंधराची होतीस ग," दादा म्हणाला आणि पुढची शेंग उचलली. "तुला तिच्याच घरात राहायचं होतं. मी तर आतच होतो."

तू माझं कधी ऐकलंयस, असं माई त्याला मरेपर्यंत म्हणत राहिली, आणि मी शेजारी बसून, माझ्या पानातलं जेवत, हसत होते.